छोट्या नाटकांची परीक्षणे वेळेवर यावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील नाट्यविषयक मजकुरासंबंधी एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती साधी आहे, परंतु तिच्यामागचे कारण नीट सांगायचे तर थोडी जागा लागेल आणि ती आपण द्याल, असा विश्वास आहे. गेल्या ऑगस्ट महिन्यात मुलीकडे ग्लासगोला गेले असताना मी एक संपूर्ण दिवस एडिनबर्गच्या फ्रिंज महोत्सवात नाटके आणि विनोदी एकपात्री प्रयोग पाहण्यात घालवला. ग्लासगोहून रेल्वेने तासाभराच्या आत तिथे पोहोचता येते. त्या दिवसाचे प्रवासवर्णन करण्याचा माझा हेतू नाही. हजारो अनोळखी प्रयोगांच्या गर्दीत प्रेक्षकाला योग्य प्रयोगापर्यंत नेण्याचे काम तिथे वर्तमानपत्रे कशी करतात, हे मी त्या दिवशी पाहिले आणि ते काम आपल्याकडे कोण करते, हा प्रश्न परतल्यापासून माझ्या मनात आहे.

या महोत्सवाची घडण कशी आहे हे आधी सांगायला हवे, कारण परीक्षणाचे तिथले महत्त्व त्या घडणीतूनच आलेले आहे. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर 1947 साली एडिनबर्गमध्ये आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. त्या पहिल्याच वर्षी आठ नाट्यसंस्था कोणाचेही निमंत्रण नसताना आपापली नाटके घेऊन आल्या आणि मिळतील त्या जागी त्यांनी प्रयोग केले. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने वर्तमानपत्रात लिहिताना मुख्य महोत्सवाच्या कडेने चाललेल्या या खटाटोपाचा 'फ्रिंज' असा उल्लेख केला आणि तेच नाव रूढ झाले. 1958 मध्ये फ्रिंज सोसायटी स्थापन झाली, पण नाटकांची निवड करायची नाही हे तत्त्व तिने सोडले नाही. ती संस्था कार्यक्रमांची नोंद ठेवते, पुस्तिका छापते, तिकिटे विकते. कोणते नाटक चांगले आणि कोणते सादर करण्यालायक नाही, हे मात्र ती ठरवत नाही. ज्याला जागा मिळाली आणि नोंदणीचे शुल्क परवडले, तो तिथे प्रयोग करू शकतो. 2019 साली या महोत्सवात 3,841 कार्यक्रम झाले आणि 30 लाखांहून अधिक तिकिटे गेली, यावरून त्याचा पसारा लक्षात यावा.

निवड नाही, म्हणजे प्रवेश परीक्षा नाही, संहिता आधी वाचणारी समिती नाही, प्राथमिक फेरी नाही. आपल्याकडच्या नाट्यस्पर्धांच्या संस्कारात वाढलेल्या माझ्यासारख्या प्रेक्षकाला हे ऐकून प्रथम धास्तीच वाटते. मग प्रेक्षकाने जायचे तरी कुठे? सकाळी वेव्हर्ली स्थानकावरून पायऱ्या चढून हाय स्ट्रीटवर आले तेव्हा हाच प्रश्न प्रत्यक्ष समोर उभा राहिला. सेंट जाइल्स कॅथेड्रलच्या आसपासचा तो दगडी रस्ता महोत्सवाच्या काळात वाहनांना बंद असतो आणि तिथे नटनट्या स्वतः, पुष्कळदा नाटकातल्याच पोशाखात, आपल्या प्रयोगाची हँडबिले वाटत असतात. प्रत्येकजण आपले नाटक एका वाक्यात सांगतो. थोड्याच वेळात हातात हँडबिलांचा गठ्ठा जमतो. त्यातल्या काहींवर कागदाच्या बारीक पट्ट्या टाचलेल्या होत्या, आणि त्या पट्ट्यांवर एखाद्या वर्तमानपत्राचे नाव, त्या दैनिकाच्या समीक्षकाचे एक वाक्य आणि प्रयोगाचा दर्जा दाखवणारे तारे छापलेले होते. हँडबिले महोत्सवाच्या आधी छापली जातात, परीक्षण नंतर येते, म्हणून ही टाचणीची व्यवस्था. आदल्या दिवशी छापून आलेले परीक्षण दुसऱ्या सकाळी असे रस्त्यावर उतरलेले मी पाहिले आणि नाटकवाल्यांच्या दृष्टीने त्या पट्टीची किंमत काय असेल, याचा अंदाज आला.

माझ्या मुलीने पहिले नाटक निवडले होते तेही परीक्षण वाचूनच. समरहॉल या वास्तूत ते होते. पूर्वी तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय होते, आणि शरीररचनेच्या व्याख्यानांसाठी बांधलेल्या, लाकडी बाकांच्या उंच उतरंडीच्या वर्गात आता नाटके होतात. जिथे विद्यार्थी वरून वाकून जनावराच्या शवाकडे पाहत असत, तिथे आम्ही खाली दोन अभिनेत्रींकडे पाहत बसलो होतो. आई गेल्यानंतर तिचे घर रिकामे करायला आलेल्या दोन बहिणींची ती गोष्ट होती. नेपथ्य म्हणून पुठ्ठ्याची खोकी तेवढी होती, आणि ती खोकी कधी स्वयंपाकघर होत, कधी बस, कधी नुसती खोकीच राहत. स्कॉटलंडच्या एका दैनिकात दोन दिवसांपूर्वी या नाटकाबद्दल लिहून आले होते की संहिता मध्यभागी सैल पडते, एकच भांडण दोनदा होते, पण धाकट्या बहिणीचे काम करणारी अभिनेत्री पाहण्यासाठी म्हणून जरूर जावे. प्रयोग पाहिल्यावर त्यातला शब्दन् शब्द मला पटला. ते भांडण खरोखरच दोनदा होते. आणि आईच्या औषधांची जुनी डबी उघडून, त्यात उरलेल्या गोळ्या मोजत मोजत ती धाकटी बहीण जे बोलते, त्या चार-पाच मिनिटांसाठी मी तो प्रवास पुन्हा करीन. दोष सांगूनही प्रेक्षकाला नाटकाला पाठवणारे परीक्षण लिहिता येते आणि ते लिहिणारा माणूस त्या उतरंडीवर कुठेतरी माझ्या आधी बसून गेला होता, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटली.

दुपारी एका पबच्या तळघरात विनोदी कार्यक्रम पाहिला. तो विनामूल्य होता. पीटर बकली हिल या कलाकाराने 1996 पासून रुजवलेली ही पद्धत आहे. कलाकाराला जागेचे भाडे पडत नाही, प्रेक्षकाला तिकीट नसते आणि कार्यक्रम संपल्यावर कलाकार दारात बादली घेऊन उभा राहतो, ज्याला जे द्यावेसे वाटेल ते त्याने द्यावे. आता बादलीसोबत कार्डाचे यंत्रही असते. रात्रपाळीची परिचारिका म्हणून काही वर्षे काम केलेली एक तरुणी तासभर बोलली. पहिल्या दहा मिनिटांत तिने वॉर्डातल्या एका घड्याळाबद्दल एक साधा विनोद केला होता. शेवटच्या दहा मिनिटांत तेच घड्याळ पुन्हा आले, तेव्हा आम्ही हसलोही आणि आमच्यापैकी काहींना पुढचा काही वेळ हसता आले नाही. एकपात्री प्रयोगाची थोर परंपरा असलेल्या भाषेत मी वाढले आहे, तेव्हा एवढी बांधणी सहज होत नाही, त्यामागे किती प्रयोगांची घासाघीस असते, हे मला कळते. या तरुणीच्या हँडबिलावर एकही पट्टी टाचलेली नव्हती. निघताना तिने प्रत्येकाला सांगितले की कार्यक्रम आवडला असेल तर कुठेतरी त्याबद्दल लिहा, कोणाला तरी सांगा. पैशांपेक्षा तिला ते अधिक हवे होते, असे मला वाटले. महिनाभर घरभाडे भरून, कामावरून रजा घेऊन आलेल्या कलाकाराच्या बाबतीत ते स्वाभाविकच आहे. ऑगस्टमध्ये एडिनबर्गमधले राहण्याचे दर इतके चढतात की तो खर्चच अनेकांच्या मुळावर येतो, आणि मुक्तद्वार महोत्सवात खिशात पैसे असणाऱ्यांनाच प्रवेश उरेल की काय, ही तिथल्या लोकांची काळजी खरी आहे. पण त्यावर लिहायचे तर वेगळे पत्र लागेल.

त्यानंतर ट्रॅव्हर्स नाट्यगृहात गेलो. 1963 मध्ये सुरू झालेले हे नाट्यगृह नव्या नाट्यलेखनासाठी ओळखले जाते. महोत्सवाच्या काळात तिथली नाटके रोज वेगवेगळ्या वेळी होतात, म्हणजे आज सकाळी असलेले नाटक उद्या दुपारी आणि परवा रात्री असते. त्यामुळे कोणत्याही एका नाटकाच्या वाट्याला कायम अडचणीची वेळ येत नाही, आणि दिवसभर धावपळ करणाऱ्या समीक्षकाला प्रत्येक नाटक कधी ना कधी गाठता येते. कडेच्या खुर्चीवर वही घेऊन अंधारात लिहिणारे एक वयस्क गृहस्थ मला तिथे दिसले. प्रयोग संपताच ते टाळ्या वाजवून तातडीने बाहेर पडले, बहुधा पुढचे नाटक गाठायला.

आता मूळ मुद्दा. वर्तमानपत्राच्या एका परीक्षणाने काय होऊ शकते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण याच महोत्सवातले आहे. 1966 च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या एका नाट्यगटाने क्रॅन्स्टन स्ट्रीटवरच्या एका साध्या सभागृहात टॉम स्टॉपर्ड या त्या वेळी फारशा परिचित नसलेल्या लेखकाचे नाटक केले. हॅम्लेटमधल्या दोन दुय्यम पात्रांना मध्यभागी आणणारे 'रोझेनक्रांट्झ अँड गिल्डेनस्टर्न आर डेड' हे ते नाटक. 'ऑब्झर्व्हर' या साप्ताहिक वृत्तपत्राचे समीक्षक रोनाल्ड ब्रायडेन यांनी ते पाहिले आणि त्यावर भरभरून लिहिले. ते वाचून लंडनच्या नॅशनल थिएटरचे साहित्यविषयक सल्लागार केनेथ टायनन यांनी तार करून संहिता मागवली. पुढच्याच वर्षी, 1967 च्या एप्रिलमध्ये, ते नाटक नॅशनल थिएटरच्या रंगमंचावर उभे राहिले आणि स्टॉपर्ड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले एक प्रमुख इंग्रजी नाटककार ठरले. नाटक चांगले होते म्हणूनच हे घडले, यात शंका नाही. पण विद्यार्थ्यांच्या प्रयोगाला जाऊन बसणारा समीक्षक आणि त्याच रविवारी त्याला जागा देणारा संपादक नसता तर ते किती वर्षे मागे पडले असते, किंवा कोणाच्या नजरेस आलेच नसते, कोण सांगणार?

'द स्कॉट्समन' या एडिनबर्गच्याच दैनिकाने 1973 मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. त्या दैनिकाचे कलाविषयक संपादक ॲलन राइट यांनी 'फ्रिंज फर्स्ट' नावाचा पुरस्कार सुरू केला. तो केवळ नव्या लेखनासाठी, त्या महोत्सवात नव्याने रंगमंचावर येणाऱ्या नाटकांसाठी आहे. हा पुरस्कार महोत्सव संपल्यावर समारंभपूर्वक दिला जात नाही, तो महोत्सव चालू असतानाच आठवड्या-आठवड्याला जाहीर होतो. यातले शहाणपण मला फार मोलाचे वाटते. नाटक अजून चालू आहे, उद्याही त्याच खोलीत त्याच वेळी प्रयोग आहे, अशा वेळी बातमी आली तर तिचा उपयोग प्रेक्षक आणण्यासाठी होतो. शिवाय असा पुरस्कार द्यायचा तर समीक्षकांना पहिल्याच दिवसांत अनोळखी लेखकांची नाटके शोधत फिरावे लागते, त्यांना नावाजलेल्या मंडळींच्या दारातच थांबून चालत नाही. एका दैनिकाने स्वतःवर घालून घेतलेले हे बंधन आज 50 वर्षांहून अधिक काळ टिकले आहे.

विनोदी कार्यक्रमांच्या बाबतीतही असेच घडले. 1981 पासून तिथे विनोदासाठी मोठा पुरस्कार दिला जातो, आणि 2008 पासून तर कार्यक्रमांच्या संख्येत विनोदाने नाटकालाही मागे टाकले आहे. 2023 साली या पुरस्कारांमध्ये नवोदितांसाठीचा मान मुंबईच्या उरूज अशफाक यांना आणि सर्वोत्तम कार्यक्रमाचा मान भारतीय वंशाचे ब्रिटिश कलाकार अहिर शाह यांना मिळाला. ही बातमी आपल्याकडेही छापून आली आणि मी ती आनंदाने वाचली. पण त्याआधी उरूज अशफाक मुंबईतल्या लहान लहान खोल्यांमधून जे कार्यक्रम करीत होत्या, त्यांचे परीक्षण कोणत्याही मराठी दैनिकात माझ्या वाचनात आले नव्हते. मुंबईतल्या मुलीचा विनोद कसा आहे हे एडिनबर्गने सांगावे आणि मग आपण त्याची बातमी करावी, या क्रमाचे मला वाईट वाटते.

तिथले सारेच अनुकरणीय आहे, असे माझे म्हणणे नाही. ताऱ्यांची पद्धत मला मुळीच पटली नाही. रात्री प्लेझन्स कोर्टयार्ड या गजबजलेल्या ठिकाणी, मोठ्या दालनात, चार ताऱ्यांची फलकबाजी पाहून आम्ही एका विनोदी कलाकाराच्या कार्यक्रमाला गेलो. पहिल्या रांगेतल्या माणसांना त्यांचे व्यवसाय विचारून त्यांच्यावर ओरडण्यापलीकडे त्या तासात फारसे काही नव्हते. ते चार तारे कोणी दिले, कशासाठी दिले, हे फलकावरून कळायला मार्ग नव्हता. सकाळच्या नाटकाबद्दल मात्र पाच-सहा वाक्ये वाचलेली होती, आणि त्या वाक्यांनी मला फसवले नाही. म्हणून आपल्याकडे परीक्षण सुरू करायचे तर ते शब्दांतच असावे, ताऱ्यांत किंवा गुणांत असू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

मी सांगलीची. 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी जिथे सीतास्वयंवराचा खेळ केला, त्या गावात नाटकाबद्दल कोणाला काही पटवून देण्याची गरज पडत नाही. नाट्यपरीक्षणाचीही आपल्याला मोठी परंपरा आहे. माधव मनोहर, ज्ञानेश्वर नाडकर्णी, कमलाकर नाडकर्णी यांची परीक्षणे वाचून नाटकाला गेलेली, किंवा नाटक पाहून आल्यावर त्यांच्याशी घरात वाद घातलेली एक संपूर्ण पिढी अजून हयात आहे. दादरच्या छबिलदास शाळेत 1974 पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालवली, ती एका शाळेच्या सभागृहात चालली होती. त्या जिन्यावरून चढून जाणाऱ्या प्रेक्षकांमध्ये लिहिणारी माणसे होती, म्हणूनच दादरपासून दूर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या नाटकांची नावे कळली. आजही राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत काही वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांत रोजच्या नाटकावर लिहून येते, आणि ते काम करणाऱ्या स्थानिक लेखकांबद्दल मला आदर आहे. अडचण एवढीच की स्पर्धेत प्रत्येक नाटकाचा केंद्रावर एकच प्रयोग होतो. परीक्षण वाचून उत्सुकता वाटलेल्या वाचकाला ते नाटक पाहण्याची वाट तिथेच बंद झालेली असते.

व्यावसायिक नाटकांची स्थिती निराळी आहे. त्यांच्या जाहिराती आपल्या पानांवर असतात, कलाकारांची नावे लोकांना मालिकांमुळे माहीत असतात, त्यांना वाचक शोधून काढतात. पुण्याच्या सुदर्शन रंगमंचावर किंवा एखाद्या शहरातल्या शाळेच्या हॉलमध्ये साठ-सत्तर प्रेक्षकांसमोर होणाऱ्या दोन पात्रांच्या नाटकाला जाहिरात परवडत नाही. त्याची माहिती त्या मंडळींच्या ओळखीपाळखीतच फिरते, आणि म्हणून प्रेक्षकही तेच ते येतात. अशा नाटकाच्या बाबतीत वर्तमानपत्रातले परीक्षण हाच नव्या प्रेक्षकाकडे जाण्याचा जवळजवळ एकमेव रस्ता आहे. आपल्या दैनिकात सध्या नाटकांविषयी जे छापून येते, त्यात मुलाखती आणि शुभारंभाच्या बातम्या बऱ्याच असतात. त्या वाचायला आवडतात, पण त्यांतून नाटक पाहावे की नाही हे कळत नाही, कारण त्या नाटक पाहण्याच्या आधी लिहिलेल्या असतात.

माझी विनंती अशी आहे. आठवड्यातला एक दिवस ठरवून, शनिवार-रविवारच्या प्रयोगांच्या आधी येईल अशा बेताने, लहान जागेत होणाऱ्या एका तरी नाटकाचे, एकांकिकेचे किंवा विनोदी एकपात्री कार्यक्रमाचे परीक्षण आपण छापावे. ते 400 शब्दांचे असले तरी पुरे. लिहिणाऱ्याने प्रयोग तिकीट काढून पाहिलेला असावा, त्याचे नाव मजकुरासोबत असावे, आणि दोष दिसले तर ते स्पष्ट सांगण्याची त्याला मोकळीक असावी. मुंबई-पुण्याबाहेरच्या आवृत्त्यांनी आपापल्या गावातली नाटके पाहावीत. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी येथे लिहू शकणारी माणसे आहेत आणि महाविद्यालयांच्या नाट्यविभागांत शिकणाऱ्या मुलांनाही हे काम शिकवता येईल. एडिनबर्गमध्ये 1996 पासून 'थ्री वीक्स' या नियतकालिकाने विद्यार्थ्यांना परीक्षणलेखन शिकवून त्यांच्याकडून महोत्सवाची परीक्षणे लिहून घेतली, हे उदाहरण या संदर्भात उपयोगी पडेल.

नाट्यसंस्थांनाही या पत्राद्वारे एक सांगावेसे वाटते. परीक्षणाचा उपयोग व्हायचा तर नाटक पुन्हा कुठेतरी लागायला हवे. महिन्याला एक प्रयोग तोही दर वेळी निराळ्या ठिकाणी, यापेक्षा एकाच लहान जागेत ओळीने पाच-सात संध्याकाळी प्रयोग ठेवता आले तर पहिल्या दिवशी आलेल्या समीक्षकाचे लेखन शेवटच्या दोन दिवसांच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचेल. भाड्याचे गणित कठीण आहे याची मला कल्पना आहे. शाळांचे हॉल संध्याकाळी रिकामे असतात, त्यांच्या व्यवस्थापनांशी बोलता येईल.

परीक्षणाखाली पुढच्या प्रयोगाची तारीख, वेळ, पत्ता आणि तिकीट कुठे मिळेल, एवढे एका ओळीत न विसरता द्यावे, ही शेवटची सूचना. बाहेरगावाहून एस.टी.ने नाटकाला येणारे आमच्यासारखे पुष्कळ प्रेक्षक आहेत, त्यांना प्रयोग किती वाजता सुटेल हेही कळले तर परतीची गाडी ठरवता येते.

कळावे,
आपली नम्र,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली